रस्ता पाहून फटफटी

मोटारसायकलला आमच्याकडं अजूनही फटफटी म्हणतात. कंधार, मुखेड, अहमदपूर, उदगीर या भागातल्या जुन्या माणसांच्या तोंडी दुसरा शब्द येतच नाही. यंत्राला त्याच्या आवाजावरून नाव देणारी ही माणसं मला कवी म्हणून फार जवळची वाटतात. पण आज कवितेची वेळ नाही. आज बोलायचं आहे फटफटीबद्दल, आणि ती ज्याच्यावरून धावते त्या रस्त्याबद्दल.

हल्ली नांदेड-लातूरच्या शोरूममध्ये ‘ॲडव्हेंचर’ प्रकारच्या गाड्या उभ्या दिसतात. उंच, लांब पायांच्या, पुढं पक्ष्याच्या चोचीसारखं मडगार्ड असलेल्या. तरुण पोरं त्यांच्याभोवती घुटमळतात आणि एकमेकांना विचारतात, “यातली भारी कोणती?” प्रश्न साधाच आहे. पण आमच्या या दोन जिल्ह्यांत गेल्या साठ-सत्तर वर्षांत हा प्रश्न दर पिढीनं विचारला आणि दर पिढीला त्याचं उत्तर वेगळं मिळालं. कारण उत्तर गाडीपेक्षा रस्त्यावर जास्त अवलंबून होतं. म्हणून आधी रस्त्याची गोष्ट सांगतो.

निजामाच्या राज्यात मनमाड-सिकंदराबाद रेल्वे १९०० च्या सुमारास नांदेडला पोचली. लातूरला १९११ साली बार्शी लाईटची छोटी गाडी आली. १९३२ साली निजामाच्या रेल्वेखात्यानं २७ बस घेऊन सरकारी बससेवा सुरू केली. सरकारनं स्वतः बस चालवायची, ही गोष्ट तेव्हा देशात नवीच होती. पण या सगळ्या सोयींचं तोंड हैदराबादकडं होतं. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झालं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि आमच्या रस्त्यांना हैदराबादकडची मान वळवून मुंबईकडं बघावं लागलं. रस्त्याची मान वळायला माणसाच्या मानेपेक्षा वेळ लागतो. तालुक्यापासून गावापर्यंत तर त्यानंतरही कित्येक वर्षं बैलगाडीची वाटच होती.

त्यात आमची जमीन काळी. काळा खडक हजारो वर्षं झिजून झालेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला, तुरीला, ज्वारीला ती आईसारखी आहे. चाकाला मात्र सावत्र. पावसाळ्यात पांदणीतून चालत निघालात तर चपलेला पावशेर माती चिकटते. फटफटीचं तर विचारूच नका. चिखल टायरला धरतो, टायरबरोबर फिरत मडगार्डखाली जातो, तिथं घट्ट बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. इंजिन कितीही ताकदीचं असो, चाकच अडकल्यावर ते काय करणार?

तेव्हा आमच्याकडं रस्त्यांच्या चार जाती आहेत असं समजा. पहिली पांदण, म्हणजे काळ्या मातीची शेतवाट. दुसरी मुरूम-खडीचा कच्चा रस्ता. तिसरी डांबरी, खड्डे आणि फरशीपूल असलेला जिल्ह्याचा रस्ता. आणि चौथी अलीकडचा चौपदरी महामार्ग. या चार जातींवर चार तऱ्हेच्या गाड्या लागतात. हे शहाणपण आमच्या लोकांना पुस्तकातून मिळालेलं नाही. ते ढकलून ढकलून मिळालेलं आहे.

आमच्या लहानपणी फटफटी म्हटलं की वडीलधारी माणसं फौजदाराच्या बुलेटची आठवण काढायची. बुलेट मूळची इंग्लंडची. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्करानं सरहद्दीवरच्या गस्तीसाठी ३५० सीसीची ही गाडी पसंत केली आणि १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया कंपनी उभी राहिली. गाडीचं वजन दीडशे किलोंहून जास्त. इंजिन सावकाश फिरणारं, पण जोरकस. मागं दोन माणसं आणि धान्याचं पोतं असलं तरी चढावर ती दम टाकत नाही. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. दुसऱ्या गाडीवर शिकलेला माणूस तिच्यावर बसला की पहिल्याच चौकात गडबडायचा. किक मारायचीही एक रीत होती. आधी अँपिअरचा काटा बघायचा, छोटा खटका दाबून सिलिंडरमधला दाब सोडायचा, मग पाय. ही रीत चुकली तर किक उलटी येऊन नडगी फोडायची.

डांबरी रस्त्यावर बुलेटसारखी गाडी नव्हती. पण पांदणीत फसली की चार माणसं लागत. फौजदाराला ती मिळायची, कारण फौजदाराची गाडी ढकलायला गाव यायचंच. साध्या माणसाची गाडी कोण ढकलणार?

साध्या माणसाला गाडी मिळाली ती साठीच्या दशकात सुरू झालेल्या दोन कारखान्यांमुळं. १९६१ साली म्हैसूरला आयडियल जावा कंपनीत जावा गाडी तयार होऊ लागली. १९७३ पासून तिचं नाव येझदी झालं. आणि १९६२ साली फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीनं पोलंडमधल्या एका गाडीच्या नमुन्यावर राजदूत काढली. दोन्ही टू-स्ट्रोक. म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, मागून निळा धूर सोडत जायचं.

येझदी २५० सीसीची, दोन सायलेन्सरची. तिची किक आणि गिअर एकाच दांड्याचे. किक मारून झाली की तोच दांडा पुढं सरकवायचा आणि गिअर म्हणून वापरायचा. चेन पूर्ण झाकलेली, त्यामुळं खडीच्या रस्त्यावरची धूळ आणि फरशीपुलावरचं पाणी तिला लवकर लागत नसे. राजदूत १७५ सीसीची, जास्त साधी आणि पळायला कमी. पण पुढच्या चाकाची तिची बांधणी दणकट होती आणि इंजिनात व्हॉल्व्हची भानगड नव्हती. त्यामुळं साधा मिस्त्रीसुद्धा अर्ध्या दिवसात ते खोलून परत बसवायचा. दोन बाजूंना दुधाचे कॅन लावून पहाटे तालुक्याला निघालेली राजदूत ज्यानं पाहिली नाही, त्यानं त्या काळातला आमचा मुलूखच पाहिला नाही असं मी म्हणेन.

या गाड्यांचा एक दोषही सांगायला हवा. टू-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडीला फारसं रोखून धरत नाही. बुलेटचा ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडी आवरतं, राजदूत मात्र तशीच निसटत राहते. म्हणून बालाघाटाच्या डोंगरातले उतार असोत की माहूरकडचा घाट, तिथं ब्रेकवरच भरवसा. आणि त्या काळातले ड्रमचे ब्रेक पाण्यातून गेले की काही वेळ लागायचेच नाहीत. मन्याडवरचा फरशीपूल ओलांडला की आमचे दूधवाले ब्रेक किंचित दाबून गाडी थोडी चालवत. घर्षणानं ब्रेक वाळायचे. ही युक्ती कोणत्याही कंपनीनं त्यांना शिकवलेली नव्हती.

नांदेडला देगलूर नाक्याकडं एक मिस्त्री होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. शाळा त्यांनी पाहिली नव्हती, पण गाडी लांबून येताना आवाजावरून सांगायचे की रिंगा गेल्या की प्लग काळा झाला. कोणी गाडी घ्यायचा सल्ला विचारायला आलं की चाचा आधी गाव विचारायचे. मग गावाला जाणारा रस्ता विचारायचे. मग ओझं काय न्यायचं ते. आणि शेवटी आपल्या दखनीत म्हणायचे, “गाडी देखको नक्को ले बेटा, रस्ता देखको ले.” गाडी बघून घेऊ नकोस, रस्ता बघून घे. मोटारसायकलींवर आजवर जे काही वाचलं-ऐकलं, त्यात मला याहून नेमकं वाक्य सापडलेलं नाही.

आता ज्या खडीच्या रस्त्यांवरून या गाड्या धावल्या ते रस्ते कोणी केले? त्यातले कितीतरी रस्ते १९७२ च्या दुष्काळानं केले. त्या वर्षी मराठवाड्यात हाताला काम नव्हतं आणि पोटाला अन्न नव्हतं. सरकारनं दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, नाला बंडिंग आणि रस्ते. माझी अम्मी खडी फोडायला गेली होती. तिथं मिळणारी सुकडी आणि घरी शिजणारा लाल मिलो, याच्या गोष्टी तिनं आम्हाला आयुष्यभर सांगितल्या. तिच्यासारख्या लाखो बायकांनी रस्त्याच्या कडेला बसून हातोडीनं दगड फोडले. त्याच अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना वाढली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पुढं त्या खडीवरून धूळ उडवत राजदूत गेली, येझदी गेली. गाडीवाला कंपनीचं नाव अभिमानानं सांगायचा. रस्ता कोणाच्या हातांनी झाला हे मात्र कोणी विचारत नसे.

ऐंशीच्या दशकात चित्र पालटलं. आपल्या कंपन्यांनी जपानी कंपन्यांशी करार केले आणि १०० सीसीच्या गाड्या आल्या. १९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० आली, त्याच वर्षी यामाहाची आरएक्स-१००. आरएक्स तरुणांची लाडकी झाली, कारण ती बाणासारखी सुटायची. पण खेड्याचं आयुष्य बदललं ते सीडी-१०० सारख्या फोर-स्ट्रोक गाड्यांनी. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती आणि ती बरीचशी खरी होती. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट संपली. लिटरमागं ॲव्हरेज जवळजवळ दुप्पट झालं. १९९४ साली स्प्लेंडर आली आणि पुढं तिनं आमचे रस्ते भरून टाकले. इंजिन ९७ सीसीचं, गाडी राजदूत-बुलेटपेक्षा कितीतरी हलकी. पांदणीत अडकली तर एकटा माणूस ती मागं ओढून काढतो. पहिल्यांदाच गाडी ढकलायला गाव बोलवावं लागेना.

मोपेडनंही मोठं काम केलं. १९७२ साली आलेली पुण्याच्या कायनेटिकची लुना शिक्षिकांनी, नर्सबाईंनी आपलीशी केली. १९८६ ची बजाज एम-८० तर दूधवाल्यांनी आणि भाजीवाल्यांनी उचलली. तिच्यावर एवढं ओझं लादलेलं असायचं की गाडी दिसायचीच नाही, ओझंच चाललंय असं वाटायचं. आणि १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना निघाला, तेव्हा फटफटी मराठवाड्याच्याच मातीत तयार होऊ लागली. मद्रास, म्हैसूर, फरिदाबादहून येणारी वस्तू आता आपली पोरं जोडू लागली.

या सगळ्या गाड्यांची खरी परीक्षा मी एकदा डोळ्यांनी पाहिली. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र संपत आली होती, गणपती बुडवून लोक नुकतेच झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेतच दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. हजारो माणसं मेली. मी तेव्हा लातूरला होतो. आम्ही चार-पाच मित्र दोन गाड्यांवर पाणी, ब्रेड, पट्ट्या घेऊन औशाच्या रस्त्यानं निघालो. एक येझदी होती, एक सीडी-१००. मोठ्या रस्त्यावर मदतीच्या आणि बघ्यांच्या वाहनांची गर्दी झाली. पुढं पाऊस लागला. गावात गल्ली म्हणून काही उरलंच नव्हतं, नुसता दगडांचा खच. ट्रक आणि जीप जिथं थांबल्या, तिथून पुढं हलक्या गाड्या गेल्या. येझदीला दगडांतून वळवणं जड जात होतं. सीडी-१०० आम्ही दोघांनी उचलून पलीकडं ठेवली आणि पुन्हा किक मारली. त्या दिवशी त्या १०० सीसीच्या गाडीनं किती फेऱ्या केल्या ते मोजलं नाही. कोणी तिला ॲडव्हेंचर म्हटलं असतं तर आम्हाला तो शब्दच कळला नसता.

पुढं मी एका बँकेत नोकरीला लागलो आणि वसुलीच्या कामासाठी खेड्यापाड्यांत फिरू लागलो. आधी जुनी राजदूत, मग स्प्लेंडर. एक गोष्ट लक्षात आली. गावाला गाडी आवाजावरून कळते. बुलेट म्हणजे फौजदार. पहाटेची राजदूत म्हणजे दूधवाला. आणि भर दुपारी ओळखीच्या नसलेल्या गाडीचा आवाज आला की कर्ज थकलेली माणसं मागच्या दारानं शेताकडं निघून जायची. माझ्या गाडीचा आवाज ऐकून कोणाच्या तरी घरात शांतता पसरते, हे कळल्यावर मी गावाबाहेरच गाडी लावून पायी जायला लागलो. पुढं घरोघर स्प्लेंडर आल्या आणि त्या आवाजांतला भेद मिटला. सरकारचा, सावकाराचा आणि शेतकऱ्याचा आवाज एकच झाला. फटफटीनं आमच्या समाजात घडवलेली ही मोठी गोष्ट मी मानतो.

आता येऊ ‘ॲडव्हेंचर’कडं. हा प्रकार मूळचा युरोपचा. १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून आफ्रिकेतल्या डाकारपर्यंत वाळवंटातून पहिली शर्यत निघाली. १९८० साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीनं आर-८० जी/एस नावाची गाडी काढली. त्या नावातल्या दोन अक्षरांचा जर्मन भाषेतला अर्थ रान आणि रस्ता. दोन्हीवर चालणारी एकच गाडी, ही कल्पना. पुढचं चाक २१ इंची मोठं, सायलेन्सर उंचावर, मडगार्ड चाकापासून वर उचललेलं. पुढच्याच वर्षी, १९८१ साली, तिनं ती शर्यत जिंकली आणि जगभर या प्रकाराला नाव मिळालं. मोठं चाक खड्ड्यात पडण्याऐवजी त्यावरून जातं, उंच मडगार्डखाली चिखल साचत नाही, उंच सायलेन्सरमध्ये पाणी शिरत नाही. युरोपातल्या इंजिनिअरांनी वाळवंटासाठी शोधलेली उत्तरं ही होती. आमच्याकडं पावसाळा लागला की शेतकरी पुढचं मडगार्ड पाना घेऊन सरळ काढून ठेवत. प्रश्न एकच, उत्तरंही जवळपास एकच.

आपल्या देशात सर्वसामान्याला परवडेल अशी या प्रकारातली गाडी म्हणून गाजली ती २०१६ ची रॉयल एन्फील्ड हिमालयन. मग २०१९ साली हिरोची एक्सपल्स, २०२० साली चाकणला तयार होणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर. २०२२ साली तर येझदीचं जुनं नाव घेऊन येझदी ॲडव्हेंचर आली. ते नाव पुन्हा टाकीवर पाहून माझ्या पिढीचे कितीतरी जण शोरूममध्ये नुसते हात लावून आले.

माझा भाचा किनवटकडच्या एका तांड्यावरच्या शाळेत शिक्षक आहे. तो एक दिवस येऊन म्हणाला, “मामू, तुम्ही एवढं फिरलात, सांगा, यातली कोणती घेऊ?” मी चाचांची रीत वापरली. म्हटलं, रस्ता सांग. तो म्हणाला, घरापासून थोडा डांबरी, मग मुरूम, शेवटी रानातली वाट आणि पावसाळ्यात एक नाला. महिन्यातून एकदा सासुरवाडीला, लातूरला. मग आम्ही दोघं कागद घेऊन बसलो.

एक्सपल्स २०० सीसीची, वजन दीडशे किलोंच्या थोडं वर. पुढचं चाक २१ इंची, पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच, मडगार्ड वर उचललेलं. म्हणजे काळ्या मातीत चिखल अडकण्याची भीती कमी आणि पडली तर एकट्यानं उचलता येते. पण ताकद साधारण १८ अश्वशक्तीची. महामार्गावर नव्वदच्या पुढं तिला पळवणं म्हणजे तिच्यावर आणि आपल्यावर जुलूम. पहिली हिमालयन ४११ सीसीची. पोट तेवढंच उंच, बैठक ८०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या उंचीच्या माणसाचे पाय जमिनीला टेकतात. खराब डांबरी रस्त्यावर दिवसभर बसलात तरी कंबर मोडत नाही. बुलेटचा सावकाशपणा तिच्यात उतरला होता. पण वजन दोनशे किलोंच्या आसपास, आणि चाकालगत एक खालचं मडगार्डही आहे. पांदणीत ती फसली तर पुन्हा गाव बोलवायची पाळी. २०२३ साली आलेली तिची ४५० सीसीची बहीण चाळीस अश्वशक्तीची, महामार्गावर जास्त मोकळी. वजन मात्र तिचंही तसंच. केटीएम ३७३ सीसीची, ४३ अश्वशक्तीची. लातूर-नांदेड महामार्गावर तिच्यासारखी धावणारी या तिघींत दुसरी नव्हती. पण पुढचं चाक १९ इंची आणि बैठक ८५५ मिलिमीटर उंच. पाय टेकत नसेल तर निसरड्या वाटेवर माणूस आधीच घाबरलेला असतो.

ब्रेकचाही एक मुद्दा आहे. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. चाक ब्रेकखाली जाम होऊ न देणारी ही सोय डांबरी रस्त्यावर जीव वाचवते. पण सुट्या खडीच्या उतारावर मागचं चाक थोडं घसरत गेलं तरच गाडी लवकर थांबते. म्हणून २०२० नंतरच्या हिमालयनमध्ये मागचं एबीएस बंद करता येतं, आणि एक्सपल्सला ते पुढच्याच चाकाला होतं. ज्याला मुरमाचा उतार रोज उतरायचा आहे, त्यानं एवढं तरी विचारून घ्यावं.

भाच्यानं एक्सपल्स घेतली, तीही जुनी. पहिल्या पावसात त्याचा फोन आला, “मामू, नाल्यातून निघाली!” दोन महिन्यांनी पुन्हा आला, “मामू, लातूरला येताना मागून ट्रक हॉर्न मारून मारून जीव काढतात.” मी म्हटलं, बाबा, शाळेचा रस्ता रोजचा आहे, सासुरवाडीचा महिन्यातून एकदाचा.

त्याच्या एका मित्रानं मात्र सगळ्यात ताकदीची गाडी घेतली होती, हप्त्यावर. आता लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा राष्ट्रीय महामार्ग ३६१ बराचसा चौपदरी झाला आहे. जिथं राजदूतवर अर्धा दिवस जायचा, तिथं दोन-अडीच तास लागतात. रस्ता रुंद झाला, पण रस्त्यावरची माणसं तीच आहेत. गळिताच्या दिवसांत रात्री उसाच्या ट्रॉल्या चालतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, साधी चमकणारी पट्टीसुद्धा नसते. तो मुलगा अशाच एका ट्रॉलीवर मागून आदळला. हेल्मेट घरी होतं. गाडी चांगली होती, रस्ता चांगला होता, आणि पोरगा तर फारच चांगला होता. त्याच्या वडिलांना मी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “दोन वर्षांचे हप्ते राहिलेत.” मी आयुष्यभर हप्त्यांची भाषा बोललो आहे. त्या दिवशी मला त्या भाषेत एक शब्दही सुचला नाही.

चांगल्या रस्त्याचीही स्वतःची एक मागणी असते, हे आम्ही अजून शिकलेलो नाही. पांदण माणसाला सावध ठेवते, कारण ती प्रत्येक हाताला अडवते. महामार्ग अडवत नाही. तिथं अडवायचं काम माणसानं स्वतः करायचं असतं. मोठ्या गाडीबरोबर हेल्मेट, पुढच्या दिव्याच्या उजेडात थांबता येईल एवढाच वेग, आणि ट्रॉलीमागं दिवा लावण्याचा आग्रह, हे सगळं आलं पाहिजे. ट्रॉलीवाल्याला एका पट्टीचा खर्च किती? आणि साखर कारखान्यांनी गेटवर ट्रॉली उभी करून घेताना ती पट्टी तपासायला वेळ किती?

आणखी एक गोष्ट हातातून निसटते आहे. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांतला कार्बोरेटर गेला. आता पेट्रोल सोडण्याचं काम कॉम्प्युटर करतो. हवेसाठी हे चांगलंच आहे. पण आवाजावरून रोग ओळखणाऱ्या मिस्त्रीला या गाडीची नाडी सापडत नाही. तिला यंत्र जोडून तपासावं लागतं आणि ते यंत्र शहरात असतं. म्हणून गाडी घेताना आणखी एक प्रश्न विचारावा. ही बंद पडली तर दुरुस्त करणारा किती किलोमीटरवर आहे? माहूरच्या रानात बंद पडलेली तीन लाखांची गाडी आणि चालू असलेली जुनी स्प्लेंडर यांतली भारी कोणती, हे त्या वेळी कोणालाही समजेल. जुन्या मिस्त्र्यांच्या पोरांना हे नवं यंत्र शिकवायची सोय आमच्या आयटीआयमध्ये मनापासून झाली, तर दोन पिढ्यांचं शहाणपण वाया जाणार नाही.

आज ॲडव्हेंचर म्हणून जे विकलं जातं त्याला माझा विरोध नाही. पोरांनी फिरावं. कंधारचा किल्ला बघावा, खरोशाची लेणी बघावीत, पावसाळ्यात सहस्रकुंडाचा धबधबा बघावा. हौस वाईट नाही. फक्त एवढं लक्षात असावं की याच वाटांवरून कॅन लावलेली राजदूत रोज पहाटे गेली आहे, नर्सबाईंची लुना गेली आहे, आणि त्यांना कोणी साहसी म्हटलेलं नाही.

तेव्हा गाडी घ्यायच्या आधी एक दिवस आपल्या रोजच्या रस्त्यावरून पायी चालून या. डांबर कुठं संपतं, मुरूम कुठं सुरू होतो, फरशीपुलावर पाणी किती चढतं, गाडी पडली तर उचलायला जवळ घर आहे का, रात्री त्या रस्त्यावर दिवा नसलेलं कोण कोण चालतं, सगळं बघून ठेवा. मग शोरूममध्ये जा आणि किंमत विचारा.